तीनचाकी मोटारसायकल वाहून नेताना



वाहन माणसाला वाहून नेते, हे आपण नित्य पाहतो. परंतु वाहनालाच दुसऱ्या वाहनाच्या पाठीवर बसवून न्यावे लागते, असे प्रसंगही थोडे नाहीत. यंत्र बिघडते, अंतर फार असते, पाऊस किंवा बर्फ आडवा येतो, अथवा चालविणाऱ्याची प्रकृती तेवढा प्रवास सोसण्याजोगी नसते. अशा वेळी साधी दुचाकी मालमोटारीत चढविणे आपल्या परिचयाचे आहे. तीनचाकी मोटारसायकलीची गोष्ट मात्र निराळी आहे. अमेरिकेत हिला ट्राइक म्हणतात आणि ती पिकअप नावाच्या उघड्या हौद्याच्या मोटारीतून नेण्याचा प्रघात तेथे बराच आहे. हे काम नीट कसे करावे आणि कोठे ते करूच नये, याचा विचार आज आपणांपुढे मांडावयाचा आहे.

प्रथमच एक गोष्ट सांगून टाकतो, कारण पुढील सर्व विवेचन तिच्याभोवती फिरते. दुचाकी उभी राहत नाही, ती पडते. म्हणून तिला वाहून नेणारा मनुष्य पहिल्या क्षणापासून सावध असतो. तीनचाकी आपली आपण उभी राहते. म्हणून तिच्यावर विश्वास बसतो, आणि अपघाताचे मूळ या विश्वासात असते. जी वस्तू जमिनीवर पडत नाही ती हौद्यात सरकणारही नाही, असा आपला समज होतो. पडणे आणि सरकणे या दोन अगदी भिन्न क्रिया आहेत. पहिलीपासून तिसरे चाक वाचविते. दुसरीपासून ते वाचवीत नाही.

आता या वाहनाचा थोडा पूर्वेतिहास पाहू या. अमेरिकेतील हार्ले-डेव्हिडसन कंपनीने १९३२ साली ‘सर्व्हीकार’ नावाची तीनचाकी बाजारात आणली आणि ती १९७३ पर्यंत बनविली. तिचा मूळ हेतू मोठा चतुर होता. दुरुस्तीसाठी ग्राहकाची मोटार कारखान्यात आणावयाची, तर पूर्वी दोन माणसे पाठवावी लागत. एकाने मोटार आणावयाची आणि दुसऱ्याने, दोघे ज्या गाडीतून गेले ती परत आणावयाची. सर्व्हीकारमुळे एकाच माणसाचे काम झाले. तो तीनचाकीवर बसून ग्राहकाच्या घरी जाई, तिच्या पुढच्या बाजूस असलेला दांडा मोटारीच्या मागील बंपरला अडकवी आणि मोटार चालवीत परत येई. म्हणजे ही तीनचाकी दुसऱ्या वाहनाने ओढून नेण्याच्या हेतूनेच निर्माण झाली होती. पुढे पोलीसखात्याने तिचा उपयोग केला. रस्त्याच्या कडेला अधिक वेळ उभ्या राहिलेल्या मोटारींच्या टायरवर खडूची खूण करीत जाणारे शिपाई याच गाडीवरून फिरत.

आपल्या देशाशीही या घराण्याचा एक संबंध आहे. दुसऱ्या महायुद्धानंतर लष्कराने काढून टाकलेल्या हार्ले-डेव्हिडसन मोटारसायकलींना मागे दोन चाके आणि बाके जोडून दिल्लीतील कारागिरांनी उतारूंची गाडी केली. जुनी दिल्ली आणि कनॉट प्लेस यांच्या दरम्यान ती धावे आणि लोक तिला तिच्या आवाजावरून फटफटी म्हणत. १९९८ साली प्रदूषणाच्या कारणास्तव ती बंद करण्यात आली. मराठीत आपण कोणत्याही मोटारसायकलीला फटफटी म्हणतो. दिल्लीकरांच्या दृष्टीने मात्र ती तीन चाकांचीच होती.

आजची अमेरिकन ट्राइक ही या सर्वांहून जड आणि रुंद आहे. हार्ले-डेव्हिडसनने २००९ च्या मालिकेत ‘ट्राय ग्लाइड’ आणली. तिला पुढे एक आणि मागे दोन चाके असतात. कॅनडातील बीआरपी कंपनीने २००७ साली ‘स्पायडर’ काढली; तिच्यात याच्या उलट, पुढे दोन आणि मागे एक अशी चाके आहेत. या गाड्या घेणाऱ्यांत वयस्कर माणसे पुष्कळ असतात. गुडघे थकलेले, पाठीला इजा झालेली, पाय गमावलेले, तोल सांभाळण्याची शक्ती उरली नाही पण वाऱ्यावर जाण्याची हौस सुटली नाही, असे हे लोक. साउथ डकोटा राज्यातील स्टर्जिस या लहानशा गावी १९३८ पासून मोटारसायकलस्वारांचा मेळा भरतो. तेथे दोन-दोन हजार किलोमीटरवरून येणारे कित्येकजण आपली गाडी वाहून आणतात आणि शेवटचे दिवस तेवढे तिच्यावर बसून काढतात. म्हणून या विषयाकडे केवळ हमालीचे काम म्हणून पाहता येत नाही. ज्याच्या पायांत बळ उरले नाही त्यालाच येथे साडेपाचशे किलोचे यंत्र उतरणीवरून चढवावयाचे असते. कामात चूक झाली तर बाजूला उडी मारण्याची सोय त्याला नसते.

पहिला प्रश्न रुंदीचा. पिकअपच्या हौद्याची लांबी तीन मापांत येते: सुमारे साडेपाच फूट, साडेसहा फूट आणि आठ फूट. रुंदी वरवर पाहता ऐसपैस वाटते. परंतु दोन्ही बाजूंस मागील चाकांच्या कमानी हौद्यात शिरलेल्या असतात आणि त्या कमानींमधील मोकळी जागा मोठ्या पिकअपमध्येही सुमारे ५० इंच भरते. चार फूट रुंदीचा प्लायवुडचा तक्ता मध्ये सपाट बसावा, एवढा हिशेब त्यात असतो. ट्राय ग्लाइडची रुंदी सुमारे ५५ इंच आहे, आणि स्पायडर तर त्याहूनही रुंद आहे. फाळक्याच्या दारातून ट्राय ग्लाइड आत जाते, म्हणून माणूस फसतो. पुढे कमानींपाशी ती अडते. केवळ पाच इंचांचा हा प्रश्न आहे, पण लोखंड पाच इंच मागे सरकत नाही. याकरिता गाडी विकत घेताना, भाड्याने घेताना अथवा शेजाऱ्याकडून मागून आणताना पहिले हत्यार हाती घ्यावे ते टेप. दोन मापे घ्यावीत: तीनचाकीच्या सर्वांत रुंद भागाचे आणि कमानींमधील अंतराचे. दोन्ही कागदावर लिहावीत. डोळ्यांचा अंदाज येथे उपयोगी पडत नाही.

रुंदी पुरत नसेल तर दोन मार्ग राहतात. एक, मागील चाके कमानींच्याही मागे, हौद्याच्या शेपटाकडे ठेवावयाची. दुसरा, कमानींच्या वर लाकडी किंवा लोखंडी तक्तपोशी करून तिच्यावर गाडी उभी करावयाची. दोन्ही मार्गांची किंमत मोजावी लागते. ती कशी हे पाहू.

ट्राय ग्लाइडची लांबी सुमारे १०५ इंच आहे. साडेपाच फुटी हौदा म्हणजे ६६ इंच. म्हणजे ३९ इंच गाडी बाहेर राहिली. साडेसहा फुटी हौद्यातून ती २७ इंच बाहेर येते आणि आठ फुटी हौद्यातूनसुद्धा ९ इंच. बाहेर आलेला भाग मग उघड्या फाळक्यावर टेकतो. फाळका हा बिजागऱ्यांवर फिरणारा आणि दोन बाजूंच्या दोन तारांनी अडकविलेला दरवाजा आहे. माल चढविताना घटकाभर ओझे सोसणे त्याला जमते. परंतु रस्त्यावरील खड्ड्यात ओझे उसळून पुन्हा आदळते तेव्हा त्याचा भार स्थिर वजनाच्या कितीतरी पट होतो. जड तीनचाकीची मागील चाके फाळक्यावर ठेवून शंभर मैल जाणे म्हणजे दोन तारांच्या भरवशावर, मागून येणाऱ्या मोटारीतील मुलाबाळांचे जीव टांगणे होय.

शिवाय येथे तरफेचा नियम आड येतो. शाळेत आपण तो शिकलेलो असतो. टेकूच्या एका बाजूस ओझे ठेवले की दुसरी बाजू वर येते. पिकअपचा टेकू म्हणजे तिचा मागील आस. समजा, पुढील आणि मागील आसांमधील अंतर १४५ इंच आहे आणि तीनचाकीचा गुरुत्वमध्य मागील आसाच्या २९ इंच मागे आला. २९ ही संख्या १४५ चा पाचवा हिस्सा आहे. म्हणून ५६० किलो वजनाची गाडी असेल, तर पुढील चाकांवरील भार त्याच्या पाचव्या हिश्श्याने, म्हणजे ११२ किलोंनी कमी होईल. आणि मागील आसावर ५६० नव्हे तर ६७२ किलोंचा भार पडेल. पुढील चाकांनीच वाट धरावयाची असते आणि जोराने थांबावयाचे तर मोठा वाटाही तीच उचलतात. ती हलकी झाली की चक्र फिरविले तरी गाडी वळण्यास नाखूश होते. ओल्या रस्त्यावर तर विशेष. ओझे मागील आसाच्या पुढे किंवा निदान बरोबर वर यावे, हा मालमोटारीचा जुना नियम याच कारणाने झाला आहे.

आता वजनाचा दुसरा हिशेब. पिकअपने किती ओझे वाहावे, याचा आकडा अमेरिकेत चालकाच्या दाराच्या चौकटीवर चिकटविलेल्या पत्रकावर छापलेला असतो. त्यात माल आणि माणसे यांचे एकत्रित वजन दिलेले असते, आणि लोक नेमके हेच विसरतात. तेथील अर्ध्या टनाची म्हणून ओळखली जाणारी पिकअप साधारणतः ६८० ते ९०० किलोंपर्यंत ओझे घेते. प्रत्येक गाडीचा आकडा तिच्या सामानसुमानाप्रमाणे निराळा. इकडे ट्राय ग्लाइडचे ५६० किलो, दोन माणसांचे १५० किलो, आणि उतरणीच्या फळ्या, ओढण्याचा रहाट व तक्तपोशी मिळून १०० किलो धरले तर बेरीज ८१० किलो झाली. काही पिकअप हे सोसतील, काही सोसणार नाहीत. मोटार चालू झाली आणि स्प्रिंगा तुटल्या नाहीत, म्हणजे ओझे योग्य होते असे सिद्ध होत नाही. ब्रेक आणि टायर यांची परीक्षा पुढच्या उतारावर व्हावयाची असते.

यानंतर चढविण्याचा प्रश्न येतो. येथे दुसरा शालेय नियम मदतीस येतो, तो उतरणीचा. हौद्याची जमिनीपासून उंची ३४ इंच आणि फळीची लांबी ८ फूट, म्हणजे ९६ इंच असेल, तर ५६० किलोंची गाडी चढविण्यास सुमारे १९८ किलोंचा जोर लागतो. घर्षण याहून निराळे. फळी १२ फुटांची घेतली की हाच जोर सुमारे १३२ किलोंवर येतो. उलट कमानींवर दहा इंच उंच तक्तपोशी केली असेल आणि फळी ८ फुटांचीच राहिली, तर जोर २५७ किलोंच्या घरात जातो. तक्तपोशीची किंमत म्हणतो ती ही. शिवाय गुरुत्वमध्य उंच गेल्यामुळे वळणावर सर्व मोटार अधिक कलते, ते वेगळेच.

लांब फळीचा आणखी एक फायदा आहे. फळी आणि हौदा जेथे मिळतात तेथे एक कोन तयार होतो. पुढील चाक हौद्यात गेले आहे आणि मागील चाके अजून फळीवर आहेत, अशा क्षणी गाडीचे पोट त्या कोनावर टेकण्याचा संभव असतो. समजा, गाडीच्या पुढील व मागील आसांत ६६ इंच अंतर आहे आणि पोट जमिनीपासून ५ इंच वर आहे. ८ फुटी फळीवर त्या कोनापाशी सुमारे ६ इंचांची मोकळीक लागते. म्हणजे पोट टेकणार आणि मागील चाके उचलली जाऊन फिरत राहणार. १२ फुटी फळीवर ४ इंचांची मोकळीक पुरते. म्हणजे गाडी निघून जाईल. जी गोष्ट बळाने होत नाही ती लांबीने होते.

लांब फळी नसेल तर जमिनीची मदत घ्यावी. पिकअपची मागील चाके उथळ चरात उतरवावीत, किंवा फळीचे खालचे टोक एखाद्या बांधावर अथवा ओट्यावर टेकवावे. उंचीत एक फुटाचा फरक पडला तर ८ फुटी फळीसुद्धा १२ फुटी फळीचे काम करते. या उपायाला पैसा पडत नाही. फक्त जागा निवडताना घाई करू नये. जागा सपाट नसल्यास पिकअप आडव्या अंगाने कललेली नाही ना, हे मात्र पाहावे. नाहीतर तीनचाकी एका बाजूस ओढ घेईल.

फळ्या तीन लागतात, हेही दुचाकीची सवय असलेल्यांना सुचत नाही. पुढील चाकासाठी एक आणि मागील दोन चाकांसाठी दोन; किंवा एकच सलग रुंद उतरण. एकेका फळीवर किती भार चालेल हे तीवर लिहिलेले असते. प्रत्येक फळीचे वरचे टोक साखळीने किंवा पट्ट्याने पिकअपला जखडलेच पाहिजे. मागील चाके वर चढताना फळीला मागे लोटतात. ती सुटली की गाडीचा अर्धा भाग हौद्यात आणि अर्धा अधांतरी राहतो. आणि या क्षणी खाली कोण उभे आहे, यावरच पुढील सर्व काही ठरते.

म्हणून एक कडक नियम पाळावा: गाडी उतरणीवर असताना तिच्या मागे कोणीही उभे राहू नये. मदतीच्या भावनेने पुढे होणारा मुलगा किंवा शेजारी मागून हात लावतो. परंतु जेथे दोनशे किलोंचा जोर लागतो तेथे माणसाचा हात म्हणजे काहीच नव्हे. हात लावावयाचा तर बाजूने, तोही वाट दाखविण्यापुरता.

गाडी स्वतःच्या इंजिनाने चढवावी की रहाटाने ओढावी, हा वाद नेहमी चालतो. इंजिनाने चढविणे वेळ वाचविते. पण मध्येच इंजिन बंद पडले, ओल्या फळीवर चाक घसरले, अथवा वर पोहोचताच वेग आवरला नाही, तर चालकाला सावरता येत नाही. दुचाकीवर घडलेली आणखी एक सवय येथे घातक ठरते. अडचण आली की दुचाकीस्वार पाय टेकतो. तीनचाकीवर पाय टेकला की मागून येणारे चाक टाचेवर किंवा पोटरीवर चढते. पाय पायठेवणीवरच राहिले पाहिजेत, हे तीनचाकी चालविणाऱ्याला पहिल्या दिवशी शिकवितात. यास्तव हौद्याच्या पुढील भिंतीशी पक्का बसविलेला, विजेवर किंवा हाताने चालणारा रहाट, म्हणजे विंच, हाच वृद्ध अथवा अपंग माणसाचा खरा मदतनीस होय. तो हळू ओढतो, थांबविले की थांबतो आणि गाडीवर कोणी बसण्याची आवश्यकता राहत नाही. ताणलेल्या तारेच्या रेषेत मात्र उभे राहू नये. तार तुटल्यास ती चाबकासारखी येते.

गाडी आत गेली, तोंड पुढे ठेवून उभी केली, हँडब्रेक ओढला, चाकांना पुढून-मागून लाकडी ठोकळे लावले. तोंड पुढे ठेवण्याचे कारण असे की, गाडीची काच आणि झाकणे समोरचा वारा सोसण्यासाठी घडविलेली असतात. उलटी उभी केल्यास पेटीचे झाकण वाऱ्याने उघडून उडण्याचा संभव असतो. आता बांधणे आले.

चालत्या वाहनातील वस्तू वाहनाबरोबर चालत असते. वाहन थांबले तरी ती चालतच राहू पाहते. न्यूटनने सांगितलेले हे जडत्व बांधण्याच्या शास्त्राचा पाया आहे. अमेरिकेत धंद्यासाठी माल वाहणाऱ्या मोटारींना जो सरकारी नियम लागू आहे, त्याप्रमाणे बांधणी अशी असावी लागते की, पुढच्या दिशेस वस्तूच्या वजनाच्या दहापैकी आठ भागांएवढा, आणि मागे व बाजूंना निम्म्या वजनाएवढा जोर तिने सोसावा. ५६० किलोंच्या तीनचाकीला हा हिशेब लावला तर जोराच्या ब्रेकसरशी ती सुमारे ४४८ किलोंच्या बळाने पुढे धावते, आणि वळणावर २८० किलोंच्या बळाने बाजूस. हँडब्रेक आणि ठोकळे यांनी एवढे बळ थोपविता येत नाही. घरगुती पिकअपला हा नियम कायद्याने लागू नसला तरी जडत्वाला खाजगी आणि धंदेवाईक हा भेद ठाऊक नाही.

पट्टे घेताना त्यांवरील दोन आकडे नीट वाचावेत. एक, पट्टा ज्या भाराला तुटतो तो. दुसरा, ज्या भारापर्यंत तो नित्य वापरावा तो. दुसरा सामान्यतः पहिल्याच्या एकतृतीयांश असतो. विकणारा मोठ्या अक्षरांत पहिला छापतो. घेणाऱ्याने दुसरा पाहावा. किमान चार पट्टे घ्यावेत: दोन पुढच्या कोपऱ्यांकडे ओढणारे आणि दोन मागच्या कोपऱ्यांकडे. ते हौद्याच्या लोखंडी कड्यांनाच अडकवावेत. पत्र्याच्या काठाला नव्हे. पट्टा अगदी उभा असला तर तो गाडीला खाली दाबतो पण पुढे जाण्यापासून अडवीत नाही. अगदी आडवा असला तर पुढे अडवितो पण उसळण्यापासून नाही. मधला तिरपा कोन दोन्ही कामे करतो.

तो बांधावा कोठे, हा प्रश्न सर्वांत महत्त्वाचा. दुचाकी नेताना तिचे हँडल खाली ओढून पुढील स्प्रिंगा दाबतात, कारण तिला उभे ठेवावयाचे असते. तीनचाकीला उभे ठेवण्याची गरजच नाही. तिचा सांगाडा पट्ट्यांनी खाली ओढला, तर प्रत्येक खड्ड्यात स्प्रिंगा आणखी दबतात, पट्टा सैल पडतो, आणि सैल पडलेला आकडा कड्यातून निसटतो. त्याऐवजी पट्टे मागील आसाला आणि चाकांनाच आवळावेत. मग सांगाडा आपल्या स्प्रिंगांवर खुशाल डोलो. चाके जागची हलत नाहीत आणि पट्ट्याचा ताणही कायम राहतो. ब्रेकच्या नळ्या व तारा पट्ट्याखाली चिरडत नाहीत, एवढे तेवढे पाहावे.

निघाल्यावर पहिल्या पंधरा-वीस किलोमीटरांत एकदा थांबून प्रत्येक पट्टा हाताने ओढून पाहावा. धंदेवाईक चालकांना तेथे पहिल्या ५० मैलांच्या आत एकदा आणि पुढे दर तीन तासांनी अथवा दर १५० मैलांनी माल तपासण्याचे बंधन आहे. वेग बेताचा ठेवावा. कारण वेग दुप्पट झाला की गाडीतील आघाताची शक्ती चौपट होते.

उतरविणे हे चढविण्याहून कठीण, कारण आता गुरुत्वाकर्षण गाडीच्या बाजूचे असते. सर्व पट्टे एकदम सोडण्याची घाई करू नये. आधी फळ्या जखडाव्यात, मग रहाटाची तार अडकवून ताणावी, नंतरच पट्टे आणि ठोकळे काढावेत. आणि तारेच्या आधारानेच गाडी इंचाइंचाने खाली सोडावी. प्रवासाचा शीण असतो, घर समोर दिसत असते. अपघातास हीच वेळ फावते.

एवढे सर्व ऐकल्यावर आपण विचाराल, की मग पिकअपमध्ये तीनचाकी घालावीच कशाला? प्रश्न रास्त आहे. रुंदी, वजन आणि गुरुत्वमध्य हे तीन हिशेब जुळत नसतील तर घालू नये, हेच त्याचे उत्तर. ज्या पिकअपच्या पाठीवर ती बसत नाही, तिच्यामागे जोडलेल्या बुटक्या ट्रेलरवर ती सुखाने बसते. ट्रेलरचा तळ गुडघ्याएवढा उंच, त्यामुळे उतरण सौम्य. रुंदीला कमानींची अडचण नाही. फक्त ओझे असे ठेवावे की, भरलेल्या ट्रेलरच्या वजनाचा दहा ते पंधरा टक्के भाग पुढील जोडावर येईल. याहून कमी आला तर ट्रेलर शेपटासारखा हेलकावे खाऊ लागतो. लहान व हलक्या तीनचाकीसाठी, आठ फुटी हौद्याच्या व भरपूर वहनक्षमतेच्या पिकअपसाठी पहिला मार्ग आहेच.

आपल्याकडील पिकअपची घडण निराळी आहे. बेळगाव, इंदूर किंवा मडगावच्या बाजारात जी मालवाहू पिकअप दिसते तिचा हौदा चाकांच्या वर सपाट असतो आणि तिन्ही बाजूंचे फाळके उघडतात. म्हणजे कमानींची अडचण आपणांस नाही. सुमारे ५१ इंच रुंदीची बिघडलेली ऑटोरिक्षा तिच्यावर सहज मावते. परंतु उंचीची अडचण आहे, आणि फळीऐवजी चार-सहा माणसांचे खांदे लावण्याची आपली रीत आहे. पट्ट्याऐवजी नायलॉनचा दोर असतो. तो भिजल्यावर व ताण बसल्यावर लांबतो. चोर्ला घाटाच्या चढावर असा दोर ढिला झाला की ओझे मागच्या फाळक्यावर येते. याहून अधिक काळजी घ्यावी ती अपंग बांधवांच्या स्कूटरची. तिच्या मागील चाकाशेजारी दोन जादा चाके जोडलेली असतात. हा सांगाडा मागाहून बसविलेला असतो. दोर त्याला न बांधता स्कूटरच्या मूळ चौकटीला बांधावा, आणि चढविताना ती त्या सांगाड्याला धरून उचलू नये. तो वाकला तर दुरुस्तीचा खर्च थोडा असेल. पण ज्याचे पाय म्हणजे ती स्कूटर, त्याचे कामावर जाणे तितके दिवस बंद पडते.

सारांश असा की, हे काम बळाचे नसून मोजमापाचे आहे. टेप, वजनाची बेरीज आणि दोन शालेय नियम यांवर ते उभे आहे. तीन चाकांवरची वस्तू उभी राहते खरी, पण तिला वाहून नेताना ती जागची हलणार नाही, ही जबाबदारी तिची नसून आपली असते. गाडी दारात येण्यापूर्वी अर्धा तास कागद-पेन्सिल घेऊन बसावे. आणि हिशेब जुळला नाही, तर त्या दिवशी न निघण्याचे धैर्यही ठेवावे.